ग्रुपबाय फक्त शेजाऱ्यांना ओळखतं

यादीतल्या घटकांचे गट पाडायचे म्हटलं की पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकणारा नवखा माणूस हमखास तिच्या इटरटूल्स मॉड्यूलमधल्या ‘ग्रुपबाय’ या फंक्शनपाशी पोचतो. नावच तसं आहे. आता त्याला 3, 5, 8, 2, 7 ही यादी द्या आणि सम-विषम असे गट पाडायला सांगा. अपेक्षा दोन गटांची असते, हाती येतात तीन: 3 आणि 5 विषम, 8 आणि 2 सम, आणि शेवटी एकटा 7 पुन्हा विषम.

खरी गोची यापुढे आहे. हे गट डिक्शनरीत, म्हणजे प्रत्येक नावासमोर (या नावाला ‘की’ म्हणतात) एक मूल्य ठेवणाऱ्या रचनेत साठवायला गेलो, तर ‘विषम’ या कीखाली आधी 3 आणि 5 जातात, मग 7 येतो आणि त्यांची जागा घेतो. एरर येत नाही, प्रोग्राम थांबत नाही. दोन आकडे मात्र गेलेले असतात. अशी मुकी चूक मला सगळ्यात घातक वाटते.

ग्रुपबाय असं का वागतं? ते एकेक घटक वाचत पुढे जातं आणि चालू गटाची की (इथे ‘सम’ किंवा ‘विषम’) तेवढी लक्षात ठेवतं. की बदलली की गट संपला. युनिक्समधली ‘युनिक’ ही जुनी कमांडही लगतच्याच सारख्या ओळी एकत्र करते, म्हणून तिच्याआधी सॉर्ट लावायची पद्धत आहे. या विसराळूपणाचा फायदाही मोठा: तारखेनुसार लिहिलेली, मेमरीत न मावणारी लॉग फाइलसुद्धा दिवसवार वाचता येते.

विस्कळीत यादी असेल तर आधी त्याच कीनुसार सॉर्ट करावी लागते. पण 10 लाख घटकांच्या यादीत त्यासाठी दर घटकामागे साधारण 20 तुलना होऊ शकतात. केवळ गट पाडायला एवढा खटाटोप कशाला?

त्यापेक्षा डिक्शनरी घ्या. प्रत्येक कीसमोर एक रिकामी यादी, आणि घटक येईल तसा आपापल्या यादीत टाकायचा. एकाच फेरीत काम होतं. 2006 साली पायथन 2.5मध्ये आलेला ‘डिफॉल्टडिक्ट’ ती रिकामी यादी स्वतःच तयार करतो. शिवाय 3.7पासून डिक्शनरीतल्या कींचा क्रम टिकण्याची हमी आहे, त्यामुळे जो गट आधी सापडला तो आधीच दिसतो. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

एकच सांभाळा: डिफॉल्टडिक्टला चौकटी कंसात नसलेली की नुसती विचारली, तरी तिच्या नावाची रिकामी यादी तयार होते. की आहे का एवढंच पाहायचं असेल, तर ‘इन’ वापरा.