पकडा आणि सोडा (खाऱ्या पाण्यातील फ्लाय मासेमारी)

गळाला लागलेला मासा न मारता, होईल तितका धडधाकट ठेवून परत पाण्यात सोडण्याची पद्धत. फ्लाय मासेमारीत जिवंत आमिष नसते. पिसे, केस आणि दोरा गरीवर बांधून ‘माशी’ तयार करतात. समुद्रातली ही माशी माशीसारखी क्वचितच दिसते, ती बहुधा मासोळीची किंवा कोळंबीची नक्कल असते.

बेळगाव जिल्ह्याला समुद्र नाही. मलप्रभा आणि घटप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जातात. खानापूरच्या रानातली म्हादई तेवढी पश्चिमेला गोव्यात उतरते. त्यामुळे इथल्या हौशी गळवाल्याचे खारे पाणी म्हणजे चोर्ला घाटाखालचा गोवा, नाहीतर सीमाभागातलेच कारवार, जिथे सदाशिवगडाच्या पायथ्याशी काळी नदी समुद्राला मिळते. ‘सोडायचाच तर धरला कशाला?’ हा घरचा प्रश्न रास्तच आहे, कारण सोडलेला प्रत्येक मासा जगतो असे नाही.

तरी सोडण्याला अर्थ का, हे जिताड्यावरून कळते. कारवार-गोव्याकडे यालाच चोणक म्हणतात. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी उचलावासा वाटणारा सर्वांत मोठा चोणक बहुतेक वेळा अंड्यांची मादीच. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सें.मी.पेक्षा लहान आणि १२० सें.मी.पेक्षा मोठा चोणक ठेवता येत नाही, ते याचसाठी.

माशाचे भवितव्य बरेचसे तो हाती येण्याआधीच ठरते. नाजूक काठीवर अर्धा तास खेळवलेला मासा दमून अर्धमेला होतो. म्हणून माशाच्या ताकदीला पुरेल अशी काठी आणि दोरी घ्यावी. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा तर झटापट लवकरच आटोपावी. गरीचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकला की ती झटकन निघते. हात ओले हवेत, कारण कोरड्या हाताने किंवा टॉवेलने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोगाला वाट मिळते. जाळी रबराची, बिनगाठींची असावी. जबड्याला धरून मोठा मासा उभा लटकावू नये. चोणकाच्या कल्ल्यांची झाकणे पात्यासारखी धारदार असतात, तिथे बोट घालणारा एकदाच घालतो.

गरी पाण्यातच काढावी आणि फोटो आपला श्वास रोखता येईल तेवढ्यात उरकावा. बहामा बेटांजवळच्या बोनफिश या समुद्री माशावरच्या अभ्यासात, सोडल्यावर तोल गेलेला मासा शिकारी माशांच्या तोंडी पडण्याची शक्यता सहापटींहून अधिक आढळली. म्हणून वाहते पाणी समोरून तोंडात शिरेल असे त्याला सरळ धरावे आणि शेपटीचा जोर हाताला जाणवला की सोडावे. मागेपुढे घुसळणे मात्र चूक. पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतूनच बाहेर पडले पाहिजे.

कल्ल्यांतून रक्त वाहत असेल तर मासा सहसा वाचत नाही. नियमाची आडकाठी नसेल तर असा मासा घरी न्यावा आणि हुमण, म्हणजे माशाची आमटी, करावे.