काऑरची काळी वाइन: नदी, बंदर आणि बदकाची चरबी

नैऋत्य फ्रान्समधलं काऑर हे गाव लॉत नदीच्या वळणात असं बसलंय की तीन बाजूंना पाणीच. इथल्या माल्बेक द्राक्षाची वाइन इतकी गडद की इंग्रज तिला 'काळी वाइन' म्हणत. पूर्वी रसाचा काही भाग उकळून आटवतही असत, त्यामुळे रंग आणखी दाट व्हायचा.

विक्रीचा रस्ता एकच. होड्या लॉतमधून गारोन नदीत आणि तिथून बोर्दो बंदरात. ११५२ मध्ये नैऋत्य फ्रान्समधल्या आक्वितेन मुलखाची वारसदार एलिअनोर हिने हेन्री प्लँटाजेनेटशी लग्न केलं. दोन वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला आणि या सगळ्या मुलखाला लंडनचं गिऱ्हाईक मिळालं. पण बंदर बोर्दोकरांच्या हातात. त्यांनी राजाकडून सवलती मिळवून नदीच्या वरच्या अंगाचा माल अडवला. आधी आमची वाइन खपू दे, मग तुमची! वर आपली फिकट वाइन गडद करायला काऑरचीच वाइन मिसळायला हे मोकळे. ही अडवणूक मोडली ती थेट १७७६ मध्ये, तुर्गो फ्रान्सचा अर्थमंत्री असताना.

पुढे फिलॉक्सेरा किडीने मुळं पोखरून मळे उजाड केले. जे सावरलं होतं, त्यातलं बहुतेक फेब्रुवारी १९५६ च्या हिमकहरात गेलं. नव्याने लागवड झाली, १९७१ मध्ये 'काऑर' या नावाला कायदेशीर संरक्षण देणारा नामांकनाचा दर्जा (AOC) आला. नियम असा, की किमान ७० टक्के माल्बेक हवं, उरलेलं मर्लो आणि तान्ना. माल्बेकची कलमं मात्र १८५३ मध्येच अर्जेंटिनात पोचली होती. आज जगात माल्बेक म्हटलं की अर्जेंटिनाच आठवतं, याचं काऑरकरांना वाईट वाटत असेल तर नवल नाही.

नदीकाठच्या खडीच्या, पायऱ्यांसारख्या टप्प्यांवरच्या मळ्यांतली वाइन मऊ, फळाळ. वरच्या चुनखडीच्या पठारावरची ताठ, कमी वयात जीभ अगदी कोरडी करणारी. तो तुरटपणा मांसातल्या प्रथिनांना आणि चरबीला भिडला की निवळतो. म्हणून जोडीला बदकाचं काँफी: तंगड्या मीठ लावून मुरवायच्या, बदकाच्याच चरबीत मंद आचेवर शिजवायच्या, मग कातडी कुरकुरीत परतायची. काऑरच्या आसपासच्या केर्सी प्रांताचं कोकरू, काळे ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी) हेही चालतात. साधं सूप संपत आलं की वाडग्यातच वाइन ओतून, ढवळून, वाडगं तोंडाला लावायची तिथली जुनी रीत आहे. तिला 'शाब्रो' म्हणतात.

जवळच्याच रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चीजही या वाइनबरोबर मांडतात. माझ्या मते ती जोडी जमत नाही. चीज नाजूक, वाइन दांडगी. त्याला पांढरी वाइनच बरी.