पॉलिमरचा कचरा काँक्रीटच्या क्युरिंगला वापरायचाय? आधी घातक कचरा नियमांतल्या नियम ९ ची परवानगी

डायपरमध्ये पाणी धरून ठेवणारी पूड, म्हणजे सुपरअ‍ॅब्सॉर्बंट पॉलिमर, सिमेंटच्या वजनाच्या ०.२ ते ०.६ टक्के घातली की काँक्रीटला आतून पाणी पुरवते. काँक्रीट पक्कं होईपर्यंत असं ओलं ठेवणं म्हणजे क्युरिंग. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० च्या खाली असेल तेव्हाच फायदा ठळक दिसतो.

कागदपत्रांची सुरुवात वर्गीकरणापासून: कचरा घातक ठरतो की नाही. रेझिन, अ‍ॅडेसिव्ह बनवणाऱ्या कारखान्याचे अवशेष घातक कचरा नियम, २०१६ च्या अनुसूची १ मध्ये २३.१ खाली येतात. डायपर कारखान्यातली स्वच्छ, न वापरलेली पूड आपोआप त्यात बसत नाही. त्याबाबत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उत्तर लेखीच घ्या.

घातक ठरल्यास नियम ९ खाली तो वापरायला मंडळाचं प्राधिकारपत्र, म्हणजे परवानगी, लागते आणि अर्ज वापरणाऱ्यानेच करायचा. कचरा देणाऱ्याकडे स्वतःचं प्राधिकारपत्र असलं तरी ते तुम्हाला चालत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नमुना १ भरा. सोबत कारखाना स्थापनेचं आणि चालवण्याचं अशी मंडळाची दोन्ही संमतीपत्रं (कन्सेंट). नूतनीकरण असेल तर स्वयंप्रमाणित अनुपालन अहवालही. कचऱ्याचं प्रयोगशाळा विश्लेषण, प्रक्रियेचा आराखडा, किती आलं-किती गेलं याचा ताळेबंद आणि पुरवठादाराशी करार तयार असला तर विचारणा कमी होते.

या वापरासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची ठरलेली कार्यपद्धती नसेल तर मंजुरी केंद्रीय मंडळाकडून, तीही चाचणी घेऊन. मात्र तोच कचरा, तोच वापर याची यशस्वी चाचणी आधी झालेली असेल, तर राज्य मंडळ नव्या चाचणीशिवाय प्राधिकारपत्र देऊ शकतं. म्हणून अशी यशस्वी चाचणी आधी झाली आहे का ते तपासा, वेळ वाचतो.

चाचणी एका चुकीने फसू शकते: पुडीची शोषणक्षमता शुद्ध पाण्यात मोजलेली असते. सिमेंटच्या पाण्यातलं कॅल्शियम ती बरीच खाली आणतं. म्हणून टी-बॅग चाचणी (पूड जाळीदार पिशवीत घालून बुडवायची आणि किती पाणी शोषलं ते वजनाने मोजायचं) सिमेंटच्या गाळलेल्या पाण्यातच करा. पूड मिक्सरमध्ये पाणी ओढते, काँक्रीट घट्ट होतं, मजूर वरून पाणी ओततात आणि ताकद जाते. त्यामुळे पूड शोषणार ते जादा पाणी मिक्स डिझाइनमध्ये (काँक्रीटच्या घटकांच्या प्रमाणात) वेगळं दाखवा. डायपरच्या कचऱ्यातला कापसासारखा फ्लफ चाळून काढा. सळईच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोपर्यंतच, ही काँक्रीटच्या भारतीय मानकाची (आयएस ४५६) मर्यादा. बाहेरचं क्युरिंगही सुटत नाही: साध्या पोर्टलंड सिमेंटला (ओपीसी) किमान ७ दिवस, फ्लाय अ‍ॅशसारखी खनिज द्रव्यं असतील तर १०.

अर्ज पूर्ण आणि समाधानकारक असेल तर १२० दिवसांत नमुना २ मध्ये प्राधिकारपत्र मिळतं, मुदत ५ वर्षं. पुढे नमुना ३ ची नोंदवही, वाहतुकीला नमुना १० चं मॅनिफेस्ट (मालासोबतचं नोंदपत्र), ३० जूनपर्यंत नमुना ४ चा वार्षिक विवरण अहवाल. साठा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.