सँडबॉक्स परिणाम

शोधयंत्रांच्या क्रमवारीसंबंधीची एक विवाद्य संकल्पना. नवे संकेतस्थळ इंडेक्समध्ये (शोधयंत्राच्या पानांच्या नोंदसाठ्यात) दाखल होऊनही चढाओढीच्या कीवर्डसाठी, म्हणजे शोधशब्दांसाठी (उदा., विमा, कर्ज, हॉटेल आरक्षण) काही महिने निकालांत मागेच राहते, या अनुभवाला ही संज्ञा लावतात. ती मुख्यतः गूगलच्या संदर्भात रूढ आहे. इंडेक्समधून वगळले जाणे किंवा स्पॅमबद्दलची (क्रमवारी फसवण्याच्या क्लृप्त्यांबद्दलची) कारवाई यांहून हा प्रकार वेगळा. असे संकेतस्थळ स्वतःच्या नावाने शोधल्यास सापडते, चार-पाच शब्दांच्या विरळ शोधांतही वर येते. अडते ते गर्दीच्या शब्दांवर.

उगम : ही तक्रार साधारणतः २००४ च्या पूर्वार्धात एसईओ (शोधयंत्रांत संकेतस्थळ वर आणण्याच्या कामातील) व्यावसायिकांमध्ये ठळक झाली असे मानतात. काही जण तिचा संबंध नोव्हेंबर २००३ मधील ‘फ्लोरिडा’ अपडेटशी, म्हणजे गूगलच्या क्रमवारी-पद्धतीतील एका मोठ्या बदलाशी, लावतात; परंतु त्या बदलाचा फटका जुन्या, स्थिरावलेल्या संकेतस्थळांनाही बसला होता, म्हणून हे मत फारसे ग्राह्य वाटत नाही. त्या काळी पुरावा म्हणून ‘ऑलइनअँकर’ हा शोध-आदेश पुढे केला जाई. केवळ इतर पानांवरून येणाऱ्या दुव्यांच्या (लिंकच्या) मजकुरावर आधारलेल्या या शोधात काही नवी संकेतस्थळे वर दिसत, साध्या शोधात मात्र हरवत. दुवे मोजले गेले, पण त्यांचे वजन रोखून धरले आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. मात्र साध्या शोधात इतरही अनेक घटक मोजले जात असल्याने एवढ्यावरून स्वतंत्र गाळणी सिद्ध होत नाही.

दुसरा आधार गूगलच्या पेटंटचा. ३१ डिसेंबर २००३ रोजी दाखल झालेला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला व २००८ मध्ये मंजूर झालेला हा अर्ज दस्तऐवजाची जन्मतारीख, दुवे वाढण्याचा वेग, डोमेनची नोंदणी किती वर्षांची आहे अशा बाबींची चर्चा करतो. सँडबॉक्सवादी तो हमखास दाखवतात. पण त्यातले एक उदाहरण नेमके उलट्या दिशेचे आहे. काल जन्मलेल्या व १० दुवे मिळवलेल्या पानाला, १० वर्षे जुन्या व १०० दुवे असलेल्या पानापेक्षा अधिक गुण मिळू शकतात, कारण त्याच्या दुव्यांच्या वाढीचा वेग जास्त. दुव्यांची अशी एकाएकी वाढ स्पॅमचेही लक्षण असू शकते, अशी पुस्तीही तेथेच जोडलेली आहे. पेटंटमध्ये लिहिलेले प्रत्यक्ष वापरात असेलच असे नाही, हे वेगळेच.

गूगलची भूमिका : कंपनीचे अभियंता मॅट कट्स यांनी २००५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणाचा आशय असा, की असा वेगळा सँडबॉक्स नाही, पण अल्गोरिदमचे काही भाग विशिष्ट संकेतस्थळांना तसा अनुभव देऊ शकतात. गूगलचेच जॉन म्यूलर यांनीही पुढे सँडबॉक्सचे अस्तित्व नाकारले. मे २०२४ मध्ये उघड झालेल्या गूगलच्या अंतर्गत एपीआय-दस्तऐवजात (प्रणालींमधील संवादाच्या तांत्रिक माहितीपत्रात) मात्र ‘होस्टएज’ या गुणधर्मापुढे, नवा स्पॅम सँडबॉक्समध्ये टाकण्यासाठी, अशा अर्थाची टीप आढळली. अपुऱ्या व संदर्भ सुटलेल्या माहितीवरून तर्क करू नयेत, असे कंपनीने सांगितले. टिपेत उल्लेख स्पॅमचा आहे, सर्व नव्या संकेतस्थळांचा नव्हे. त्यामुळे सरसकट प्रतीक्षाकाळापेक्षा दुवे, वापर व विश्वासार्हता यांचा साठा तोकडा असल्याचा एकत्रित परिणाम, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक दिसते.

या परिणामाचा निश्चित कालावधी सांगता येत नाही. तो टाळण्यासाठी मुदत संपलेली जुनी डोमेन विकत घेण्याची प्रथा पडली. शोधक्रमात फेरफार करण्याच्या मुख्य हेतूने, वाचकांच्या फारशा उपयोगाचा नसलेला मजकूर अशा डोमेनवर टाकण्याला गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅम ठरवले.