'सरळ' आणि 'उलट' पोलॅरिटी: एका नावाची पार्श्वभूमी

वेल्डिंगच्या मशीनचे अधिक टोक रॉडला जोडायचे की उणे, ही झाली पोलॅरिटी. विजेच्या आर्कने, म्हणजे सलग ठिणगीने, धातू जोडण्याची ही पद्धत १८८० च्या दशकात वापरात आली. तेव्हा कार्बनची कांडी असे. वितळून जोडात उतरणारी धातूची सळई, म्हणजे रॉड, त्याच दशकाच्या अखेरीस आली आणि तिच्यावरचा लेप विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात.

बडोद्यात तंत्रशिक्षणाची परंपरा १८९० पासूनची असली, तरी इथल्या वेल्डिंगला खरे वळण मिळाले ते १९६५ मध्ये जवळच्या कोयलीला तेलशुद्धीकरण सुरू झाल्यावर, कारण दाबाखाली चालणाऱ्या पाइपांच्या जोडात फटी आणि तडे चालत नाहीत. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या शेडांत मात्र अनेक वर्षे तेलात बुडवलेला एसी ट्रान्सफॉर्मरच होता. त्यात प्रवाहाची दिशा सेकंदाला १०० वेळा पालटते, त्यामुळे रॉड धरणारा होल्डर कोणत्या टोकाला जोडावा हा प्रश्नच उद्भवत नसे. एकाच दिशेचा प्रवाह (डीसी) देणारे इन्व्हर्टर मशीन आले, त्याच्या तोंडावर अधिक आणि उणे अशी दोन सॉकेटे दिसू लागली, आणि ट्रान्सफॉर्मरवर काम केलेल्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकणारी मुले तिथेच अडू लागली.

'सरळ' म्हणजे रॉड उण्याला आणि जोडायच्या तुकड्याला लावायचा अर्थ क्लॅम्प अधिकाला. 'उलट' म्हणजे रॉड अधिकाला. नवशिक्याला नेमके याच्या विरुद्ध वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही. कार्बनच्या काळात अधिक टोकाला जास्त उष्णता मिळते म्हणून जोडायचा तुकडा अधिकाला लावणे हीच रीत होती. 'सरळ' हे नाव त्या रीतीला चिकटले. पुढे लेप दिलेल्या रॉडने गणित बदलले. आज ७०१८ क्रमांकासारखा कमी हायड्रोजनचा रॉड डीसीवर सहसा अधिकालाच लावतात आणि त्याचा जोड खोल जातो. म्हणजे ज्याला 'उलट' म्हणायचे, तेच नेहमीचे झाले. ही नावे शिकवणेच आता थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

६०१३ क्रमांकाचा रॉड दोन्ही टोकांना चालतो. ३.१५ मिमीच्या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर लागतात आणि आर्कची लांबी रॉडच्या गाभ्याच्या जाडीएवढी ठेवायची असते. पातळ पत्र्याला भोक पडू लागले, तर करंट उतरवून रॉड उण्याला लावून पाहावा. मशीनशेजारच्या भिंतीवर खडूने 'पत्रा: रॉड उण्याला, ७०१८: रॉड अधिकाला' एवढेच लिहिलेले असले, तर मुलगा केबल न चुकता लावतो.