साबण (शब्द)

एकमेकींशी नाते नसलेल्या अनेक भाषांत थोड्याफार फरकाने आढळणारा शब्द. अरबी साबून, तुर्की व मलाय साबुन, स्वाहिली साबुनी, फिनिश साइप्पुआ, तेलुगू सब्बु, जपानी शाबोन ही त्याची काही रूपे. वस्तू व्यापाराने गेली आणि नावही तिच्याबरोबर गेले.

लॅटिन ‘सापो’चा पहिला ज्ञात उल्लेख रोमन लेखक थोरल्या प्लिनीने (इ. स. २३–७९) केला आहे. त्याच्या मते हा गॉल (आजच्या फ्रान्स परिसरातील) लोकांचा शोध असून तो बकऱ्याची चरबी व बीच झाडाची राख यांपासून होई, घट्ट व पातळ अशा दोन प्रकारांत मिळे. तो अंग धुण्यासाठी नव्हे, केसांना तांबूस छटा देण्यासाठी वापरत. जर्मन लोकांत बायकांपेक्षा पुरुष तो अधिक वापरीत, असेही तो नोंदवतो. शब्द मूळ जर्मानिक (जर्मन, इंग्रजी इत्यादींच्या भाषाकुलातील) असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. फिनिश रूपही जर्मानिकमधूनच उसने घेतलेले आहे. रोमजवळच्या ‘सापो’ टेकडीवरून नाव पडल्याची लोकप्रिय कथा निराधार दिसते.

अरबीत हा शब्द ग्रीक व सिरियाक (पश्चिम आशियातील एक जुनी भाषा) यांमार्गे गेला असावा. मराठी ‘साबण’ मात्र फार्सी-अरबीतून आला की पोर्तुगीज ‘सबांव’मधून, याविषयी मतभेद आहेत. पोर्तुगीजांच्या बाजूने किनाऱ्यावरील व्यापाराचा दाखला देता येतो. तथापि, पोर्तुगीज शब्दांतील शेवटच्या अनुनासिक ‘आंव’चा मराठीत ‘आव’ होतो (पाव, लिलाव). त्या न्यायाने ‘साबाव’ अपेक्षित होते. शिवाय गुरू नानकांच्या (१४६९–१५३९) जपुजी या प्रार्थनारचनेत मळका कपडा धुण्याच्या दृष्टान्तात ‘साबूणु’ आहे, आणि त्या काळच्या पंजाबात पोर्तुगीज शब्द पोचणे कठीण. कबीरांच्या नावावरील दोह्यातही ‘साबुन’ येतो, पण त्या पाठाचा काळ निश्चित नसल्याने त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. एकंदरीत फार्सी-अरबी मार्ग अधिक संभाव्य वाटतो.

अर्थ बहुतेक ठिकाणी कायम राहिला. जपानीत साबणाला आता ‘सेक्केन’ म्हणतात. ‘शाबोन’ मुख्यतः ‘शाबोनदामा’ म्हणजे साबणाचे फुगे या शब्दात टिकून आहे. रिठ्याच्या ‘सॅपिंडस’ या शास्त्रीय नावातही ‘सापो’च आहे: भारतीय साबण.

साबुदाण्यातील ‘साबु’ वेगळा. तो मलाय ‘सागू’वरून आला.