उष्ण भूमध्यसागरी हवामानातील फ्यूशिया-लागवड

फ्यूशिया ही ओनाग्रेसी कुलातील झुडपांची आणि लहान वृक्षांची प्रजाती असून तिच्या सुमारे 110 जाती आहेत. कोकणातल्या भातखाचरांच्या बांधावर दिसणारी पाणलवंग याच कुलातली. बहुतेक जाती मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ, धुकट जंगलांतल्या आहेत. काही न्यूझीलंडमध्ये आणि एक ताहितीत आढळते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्लूमिए यांनी कॅरिबियनमधील हिस्पॅनिओला बेटावर सापडलेल्या जातीचे वर्णन 1703 मध्ये प्रसिद्ध केले आणि लेओनहार्ट फुक्स (1501–1566) या जर्मन वैद्याचे नाव तिला दिले.

भूमध्यसागरी हवामानात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. पण या एकाच नावाखाली फार वेगळी गावे येतात. सॅन फ्रान्सिस्कोत उन्हाळाभर समुद्रावरून थंड धुके येते आणि तिथे फ्यूशिया मजेत वाढते. अमेरिकन फ्यूशिया सोसायटी 1929 मध्ये त्याच परिसरात स्थापन झाली. याउलट स्पेनमधील सेव्हिलला जुलैचे सरासरी कमाल तापमान 36 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, पाऊस जवळजवळ नसतो. खरी कसोटी लागते ती सेव्हिल, अथेन्स किंवा ऑस्ट्रेलियातील पर्थ अशा ठिकाणी.

तापमान 27–30 अंशांच्या वर टिकून राहिले की बहुतेक संकरित वाण कळ्या धरणे थांबवतात आणि असलेल्या कळ्या गाळतात. दिवसाच्या उन्हाइतकाच रात्रीचा उकाडाही बाधतो, कारण मूळच्या डोंगरात रात्री गार असतात. कोरड्या वाऱ्यात पानांतून पाणी इतक्या वेगाने उडते, की माती ओली असूनही मुळांना ते पुरवता येत नाही आणि झाड दुपारी मान टाकते. इथे हमखास घात होतो. झाड तहानलेले समजून माणूस पुन्हा पाणी घालतो, तापलेल्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही आणि मूळकूज सुरू होते. पाणी देण्याआधी मातीत बोट घालून पाहावे. ती ओली असेल तर कुंडी सावलीत सरकवून भोवतालची जमीन भिजवणे पुरते. संध्याकाळी पाने आपोआप सावरतात.

इंग्लंड-हॉलंडकडची बागकामाची पुस्तके इथे अर्धवटच उपयोगी पडतात, कारण त्यांचे वर्ष उलटे आहे. तिकडे झाड हिवाळ्यात झोपवतात आणि उन्हाळ्यात फुलवतात. उष्ण भूमध्य किनाऱ्यावर विश्रांतीचा काळ जुलै-ऑगस्ट. लागवड आणि शेंड्यांची छाट कलमे शरद ऋतूत करावीत. सौम्य, ओल्या हिवाळ्यात मुळे पसरतात, वसंतात मुख्य बहर येतो, आणि उन्हाळा ओसरल्यावर हलकी छाटणी व खत दिल्यास दुसरा बहर मिळतो. भर उन्हाळ्यात खत किंवा जोराची छाटणी करू नये. कोवळी फूट जळून जाते.

जागा निवडताना सकाळचे ऊन आणि दुपारची पक्की सावली हा नियम. उत्तर गोलार्धात घराची उत्तरेकडची भिंत, पानझडी झाडाखालची जमीन किंवा शेडनेट चालते. शक्य असेल तर कुंडीपेक्षा जमीन बरी. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात मुळे शिजवते. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडते, त्यामुळे ती गार राहते, मात्र लवकर सुकते. टांगत्या टोपल्या दिसतात सुंदर, पण अशा हवामानात त्या सर्वांत आधी दगा देतात. मिश्रण भुसभुशीत, कुजलेल्या पालापाचोळ्याचे असावे आणि वर जाड आच्छादन घालावे. या भागात पाणी बहुधा चुन्याचे असते. त्यामुळे पाने पिवळी पडून शिराच हिरव्या राहतात. साठवलेले पावसाचे पाणी यावर उत्तम.

वाण निवडताना फसगत होते. मध्य व उत्तर युरोपीय यादीत ‘टणक’ म्हटलेले वाण, मुख्यतः दक्षिण चिली-अर्जेंटिनातील मॅगेलॅनिका जातीचे, हिमाला टणक असतात; उकाड्याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. उन्हाला तोंड देण्यात ट्रिफिला गट आघाडीवर आहे. तो हिस्पॅनिओलातील त्या पहिल्या जातीपासून आला असून फुले लांब नळीची, बहुधा नारिंगी-तांबडी असतात. ‘थालिया’ आणि 1905 चे ‘गार्टनमाइस्टर बोनस्टेट’ हे त्यातले जुने भरवशाचे वाण. दहिवर गोठणाऱ्या रात्री मात्र त्यांना सोसवत नाहीत. मेक्सिकोकडची आर्बोरेसेन्स व पॅनिक्युलाटा ही मोठी झुडपेही बरी टिकतात. भरगच्च दुहेरी पाकळ्यांचे वाण दिसायला आकर्षक असले तरी सेव्हिलसारख्या शहरात त्यांच्या नादी न लागलेले बरे.

कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी आणि पांढरी माशी येतात, दमट हिवाळ्यात तांबेरा व करडी बुरशी. सर्वांत भयंकर मात्र फ्यूशियाचा गाठ-कोळी. हा सूक्ष्म जीव मूळचा दक्षिण अमेरिकेतला; 1981 मध्ये तो कॅलिफोर्नियात आढळला आणि 2000 नंतर पश्चिम युरोपात पोचला. तो शेंडे वेडेवाकडे, लालसर, गाठाळ करतो. असे शेंडे खालपर्यंत छाटून जाळावेत, कंपोस्टात टाकू नयेत. बोलिव्हियाना आणि थायमिफोलिया या जातींना त्याचा त्रास होत नाही, आणि ट्रिफिलाला कमी होतो.